फास्टफूडवाल्यांचं तेल बनवणाऱ्या प्लांटमध्ये काम धरताय? आधी हे वाचून घ्या

सोलापुरात कारखाना म्हटलं की अजून पण लोकांच्या डोक्यात चादर, टॉवेल नाहीतर विडी येते, आणि तेल म्हटलं की करडईचा घाणा. त्यामुळं रिफायनरीत, त्यातही बर्गर-फ्राईज विकणाऱ्या मोठ्या चेनला तेल देणाऱ्या प्लांटमध्ये नवीन पोरगं आलं की पहिला महिना त्याला काहीच कळत नाही. तेलाच्या फॅक्टरीत केस का झाकायचे, पेन का तपासतात, डब्यात चटणी आणली तर सुपरवायझर का ओरडतो. मी हेल्पर म्हणून लागलो होतो, आता शिफ्ट बघतो, नवीन माणसं येतच असतात आणि त्याच त्याच गोष्टीत अडकतात म्हणून हे लिहून टाकतोय. प्लांट चिंचोळी एमआयडीसीत असो, अक्कलकोट रोडला असो नाहीतर तुम्ही लातूरकडं किंवा पुण्याकडं गेलात तरी काम साधारण हेच.

१. हे तेल वेगळं का, ते आधी समजून घ्या

घरी आपण कढईत तेल टाकतो, चार भजी तळतो, उरलेलं भाजीला वापरतो, विषय संपला. चेनच्या फ्रायरमध्ये तेच तेल तासन् तास १७५-१८० डिग्रीला तापत असतं, आणि आपल्या देशात नियम आहे की तळून तळून तेलातलं टोटल पोलर कंपाउंड (तेल तापून तयार होणारे खराब घटक) २५ टक्क्यांच्या वर गेलं की ते वापरायचं नाही, १ जुलै २०१८ पासून लागू आहे. म्हणजे तेल लवकर खराब झालं तर दुकानदाराचा खर्च वाढतो, आणि तो तक्रार थेट आपल्या प्लांटवर टाकतो. म्हणून त्यांना जास्त वेळ टिकणारं तेल पाहिजे असतं, पामोलीन (पामतेलाचा पातळ भाग), हाय ओलिक सूर्यफूल (तापवलं तरी लवकर खराब न होणारं), किंवा मिक्स. ट्रान्स फॅट पण २ टक्क्यांच्या आत, हा नियम २०२२ पासूनचा.

प्लांटमध्ये काय होतं ते थोडक्यात. टँकरनं कच्चं तेल येतं, पाम असेल तर बहुतेक इंडोनेशिया-मलेशियाचं, बंदरावरून. ते टँक फार्मला, म्हणजे मोठ्या टाक्यांच्या आवारात उतरतं. मग डीगमिंग (फॉस्फरिक ॲसिड टाकून चिकट भाग काढणं), काही तेलांना कॉस्टिक टाकून न्यूट्रल करणं, मग ब्लीचिंग अर्थ म्हणजे एक खास माती टाकून रंग काढणं, फिल्टर, आणि शेवटी डिओडोरायझर, त्याला प्लांटमध्ये सगळे डिओच म्हणतात. तिथं व्हॅक्यूममध्ये २३०-२५० डिग्रीला वाफ सोडून वास उडवतात. सूर्यफुलाला थंड करून मेण पण काढावं लागतं. नंतर पॅकिंग.

२. कुठल्या खात्यात जाताय ते विचारा

"कंपनीत लावतो" एवढ्यावर हो म्हणू नका. खातं कुठलं?

लोडिंग-अनलोडिंग: अंगमेहनत जास्त, शिकायला कमी, पण टँकरचं काम नीट शिकलात तर स्टोअरला जाता येतं.

पॅकिंग: डबे, जेरीकॅन, पाऊच. बायका जास्त इथं. दिवसभर उभं राहणं.

रिफायनरी/प्रोसेस: इथं खरं शिकायला मिळतं. आयटीआयला केमिकल प्लांट अटेंडंट ऑपरेटरचा ट्रेड केलेला असेल तर सरळ इथं मागा, फिटर-इलेक्ट्रिशियनला मेंटेनन्स.

बॉयलर: बॉयलर अटेंडंटचं सर्टिफिकेट असल्याशिवाय स्वतंत्र जबाबदारी कोणी देऊ शकत नाही, आणि कोणी देत असेल तर तुम्ही घेऊ नका.

लॅब: बीएस्सी केमिस्ट्रीवाल्यांसाठी. केगावच्या विद्यापीठातून पास झालेली पोरं-पोरी बऱ्याच दिसतात. टायट्रेशन हातात बसलेलं पाहिजे, बाकी सगळं शिकवतात.

माझं मत विचाराल तर पगार हजार-पाचशे कमी असला तरी प्रोसेस घ्या. दोन-तीन वर्षांनी बाहेर विचारणारा भेटतो.

३. कागदपत्रं (एका फाईलमध्ये, झेरॉक्सचे दोन सेट)

- आधार, पॅन, बँक पासबुकाचं पहिलं पान
- दहावी/बारावी/आयटीआय/डिग्रीच्या मार्कशीट
- आधी कुठं काम केलं असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा) नंबर आणि ईएसआयचा (कामगार विम्याचा) नंबर
- मेडिकल सर्टिफिकेट, फूड हँडलरचं (बहुतेक कंपनीच करून घेते, पण विचारून घ्या)
- पासपोर्ट फोटो
- नॉमिनीचं आधार

यातला सगळ्यात मोठा घोळ नावाचा. सोलापुरात तेलुगू, कन्नड आडनावं इंग्रजीत लिहिताना प्रत्येक जण वेगळं स्पेलिंग करतो, आधारवर एक, मार्कशीटवर दुसरं, बँकेत तिसरं. मग पीएफचं केवायसी अडकतं आणि दोन वर्षांनी पैसे काढायला गेलं की रडारड. काम लागायच्या आधी आधार, पॅन, बँक तिन्हीकडं एकच स्पेलिंग, एकच जन्मतारीख करून घ्या, आधार केंद्रावर एक सकाळ जाईल तेवढीच.

दुसरं, ठेकेदार घाईत नवीनच यूएएन काढून मोकळा होतो. जुना असेल तर तोच द्या, दोन यूएएन झाले की जोडायला दमछाक होते. ओरिजिनल मार्कशीट कोणाकडं ठेवायला देऊ नका, दाखवा आणि परत घ्या. कोऱ्या कागदावर सही तर अजिबातच नाही.

मेडिकलचं सांगतो, फूड प्लांटमध्ये वर्षातून एकदा तपासणी लागतेच, त्वचा, डोळे, पोटाचे आजार वगैरे बघतात, टायफॉइडची लस पण विचारतात. जुलाब, ताप, हाताला फोड असेल तर लपवून कामावर जायचं नाही, सुपरवायझरला सांगायचं, तुम्हाला दुसऱ्या कामाला लावतील. खाडा कापतील या भीतीनं पोरं लपवतात, आणि मग पकडली गेली की जास्त वाईट.

४. ठेकेदार की कंपनी रोल (थेट कंपनीच्या हजेरीवर)

नव्वद टक्के नवीन लोक ठेकेदाराकडूनच आत जातात असं समजून चाला, त्यात कमीपणा नाही. पण चार गोष्टी पहिल्याच दिवशी विचारा: पीएफ कापणार का, ईएसआय नंबर कधी मिळणार, ओव्हरटाइमचा दर काय, पगार बँकेत का हातात. ओव्हरटाइम दुप्पट दरानं, हे कायद्यात आहे. ज्याचं उत्तर "बघू की नंतर" असं येतं तिथं जरा सावध. नेमणूक पत्र मागा, आणि गेटवर काम लावून देतो म्हणून आधी पैसे मागणारा माणूस असेल तर तिथूनच मागं फिरा.

उचल घेताना पण विचार करा. ठेकेदार गोड बोलून देतो, नंतर पगारातून कापताना हिशोब त्याचाच. घेतलीच तर रक्कम आणि किती महिन्यांत कापणार ते व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या.

जाण्यायेण्याचा विचार आधी करा. चिंचोळी शहरापासून लांब आहे, पुणे हायवेला, कंपनीची गाडी आहे का, रात्री अकराची शिफ्ट सुटली की घरी कसं जाणार हे विचारा. हायवेवर रात्री टू-व्हीलरवर डोळा लागणं हा प्लांटमधल्या कुठल्याही धोक्यापेक्षा मोठा धोका आहे, खरंच.

५. गेटच्या आत जाताना

हे वाचून हसू येईल पण पहिल्या आठवड्यात सगळ्यात जास्त बोलणी यावरूनच बसतात.

घड्याळ, अंगठी, कडं, मनगटातला गंडा-दोरा, कानातलं, बांगड्या, टिकली, गजरा, नेलपॉलिश, काही नाही. केस जाळीत, दाढी असेल तर दाढीला पण जाळी. शर्टच्या वरच्या खिशात काही ठेवायचं नाही, वाकलं की टाकीत पडतं. म्हणून बऱ्याच प्लांटच्या युनिफॉर्मला वरचा खिसाच नसतो. मंगळसूत्र किंवा गळ्यातलं इष्टलिंग असेल तर गुपचूप आत नेऊ नका, आधीच सुपरवायझरला सांगा, कुठं युनिफॉर्मच्या आत टेप लावून चालतं, कुठं वेगळी सोय करतात, प्रत्येक प्लांटचा नियम वेगळा. हाताला कापलं तर निळी पट्टी मिळते, तीच लावायची, निळी यासाठी की पडली तर लगेच दिसावी. स्टेपलर, टाचणी, काचेची वस्तू आत नाही.

मावा, गुटखा, मिश्री, सिगारेट. यावर मी काही सांगत नाही, पहिल्यांदा सापडलात की गेट बंद. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहेच, पण खिशात पुडी घेऊन येणारा एक तरी नग दर बॅचला असतो.

आता शेंगा चटणी. आपल्या सोलापूरच्या माणसाचा डबा म्हणजे कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा, आणि हीच गोष्ट इथं अडचणीची. शेंगदाणा हा ॲलर्जीचा पदार्थ आहे, काही लोकांना त्याचा कण जरी पोटात गेला तरी जिवावर बेततं, म्हणून चेनचे ऑडिटवाले ॲलर्जनचा कागद सगळ्यात आधी मागतात. पाम किंवा सूर्यफुलाच्या लाईनवर शेंगदाण्याचा बारीक कूट कुणाच्या हाताला, युनिफॉर्मला लागून गेला तर? म्हणून डबा फक्त कँटीनमध्ये, लॉकरमध्ये सुट्टी चटणी नाही, जेवल्यावर साबणानं हात धुवून, तोंड धुवून, मगच ॲप्रन. काही ठिकाणी शेंगदाण्याला कंपनीच्या आवारातच बंदी असते, तिथं जवसाची नाहीतर लसणाची चटणी न्या आणि वाद घालू नका. तीळ पण विचारून घ्या. आमच्याकडं एक काका बरीच वर्षं "शेंगदाण्यानं कोण मरतंय रे" म्हणत होते, मग ट्रेनिंगला व्हिडिओ दाखवला तेव्हापासून तेच सगळ्यांचे डबे तपासतात.

६. जीव सांभाळायच्या गोष्टी

हा भाग नीट वाचा, बाकीचं चाळलं तरी चालेल.

घसरणं: तेलाचा एक थेंब फरशीवर पडला की पुसायचा, "नंतर पुसतो" नाही. सेफ्टी शूज तेलाला न घसरणाऱ्या सोलचे घ्या, कंपनी देते, साइझ टाइट असेल तर बदलून मागा. पायऱ्यांवर हात मोकळा ठेवून रेलिंग धरा. सगळ्यात जास्त हाड मोडायच्या केसेस यातल्याच.

गरम लाईन: डिओची पाइप वरून साधी दिसते. इन्सुलेशन निघालेल्या जागी हात लागला की कातडी जाते. आणि तापलेल्या तेलात पाणी, कधीच नाही. पाणी तळाशी जाऊन एकदम वाफ होतं आणि तेल बाहेर उडतं. तेलाला आग लागली तर फोम किंवा डीसीपीचा (कोरड्या पावडरचा) सिलेंडर, पाण्याचा पाइप धरून पळू नका.

कॉस्टिक आणि ॲसिड: गॉगल आणि गम हातमोजे घातल्याशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. डोळ्यात उडालं तर आयवॉशखाली (डोळे धुवायच्या नळाखाली) निदान पंधरा मिनिटं, चोळायचं नाही, आणि कोणाची वाट बघायची नाही. आयवॉश कुठं आहे ते पहिल्या दिवशी डोळे मिटून सुद्धा जाता येईल असं बघून ठेवा.

वापरलेली माती: ब्लीचिंग अर्थ फिल्टरमधून निघते तेव्हा तेल पिलेली असते. ढीग करून ठेवली की हवा लागून आतून आपोआप तापते आणि पेट घेते, काडी लागत नाही. सोलापूरच्या एप्रिल-मे मध्ये तर विचारूच नका. म्हणून ती लगेच हलवायची, पसरून किंवा पाणी मारून ठेवायची, जसं प्लांटचं सांगणं असेल तसं. तेलानं भिजलेल्या चिंध्यांचं पण तेच, झाकणाच्या लोखंडी डब्यात.

टाकीत उतरणं: परमिटशिवाय, म्हणजे लेखी परवानगीशिवाय नाही. साहेब म्हणाला तरी नाही, सुपरवायझर म्हणाला "काय करलालास बे, दोन मिनिटाचं काम हाय" तरी नाही. तेल खराब होऊ नये म्हणून टाकीत नायट्रोजन भरलेला असतो, त्याला ना वास ना रंग, माणूस आत गेला की काही कळायच्या आत खाली पडतो आणि त्याला काढायला गेलेला दुसरा पण पडतो. आधी हवा तपासायची, ऑक्सिजन १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचंच नाही, बाहेर एक माणूस फक्त लक्ष ठेवायला, बेल्टला दोर. हे सगळं नसेल तर उभे राहा आणि नाही म्हणा, कामावरून काढलं तरी दुसरं काम मिळतं.

सॉल्व्हंट प्लांट जोडलेला असेल (पेंडीतून हेक्झेननं तेल काढतात तो) तर तिकडं मोबाइल, काडेपेटी, साधा टॉर्च घेऊन फिरकू पण नका. हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जड, खाली नाल्यात, खड्ड्यात साचते.

उन्हाळा: बाहेर ४२, आत डिओच्या मजल्यावर त्याहून जास्त. सुती बनियन, ताक, मीठ-साखरेचं पाणी, आणि चक्कर आल्यासारखं वाटलं की शहाणपणा न करता खाली या.

७. लॉगशीट: काम केलं आणि लिहिलं नाही तर केलंच नाही

दर तासाला टेम्परेचर, व्हॅक्यूम, फ्लो लिहायचा असतो. रात्री तीनला झोप येते, पोरं काय करतात, पहाटे सहाला बसून सगळे आकडे एकदम भरतात, २४०, २४०, २४०. ऑडिटवाला ते लांबून ओळखतो कारण खरी मशीन कधी एवढी सरळ चालत नाही, आणि आता पॅनलमध्ये ट्रेंड (मशीनच्या आकड्यांचा आलेख) पण सेव्ह असतो, तो समोर ठेवला की संपलं. व्हॅक्यूम पडला तर पडला लिहा, किती वाजता, काय केलं, कोणाला सांगितलं. खरा खराब आकडा लिहिणाऱ्याला मी कधी बोललो नाही, खोटा चांगला आकडा लिहिणाऱ्याला मात्र सोडत नाही. चुकलं तर व्हाइटनर नाही, एक रेघ मारायची, बाजूला बरोबर आकडा आणि सही.

यातलं डोझिंगचं, म्हणजे तेलात काय किती टाकलं त्याचं पान सगळ्यात महत्त्वाचं. तळणाच्या तेलात फेस येऊ नये म्हणून सिलिकॉनचा अँटीफोम टाकतात, त्याची मर्यादा १० पीपीएम (दहा लाख भागांत दहा भाग). म्हणजे १० टन तेलाला फक्त १०० ग्रॅम! टीबीएचक्यू, तेल खवट होऊ नये म्हणून, मर्यादा २०० पीपीएम, म्हणजे १० टनाला २ किलो. आता कोणी अंदाजानं मग्गा भरून टाकला तर अख्खी बॅच गेली. वजनकाट्यावर मोजायचं, दुसऱ्याला दाखवायचं, दोघांच्या सह्या. हे काम नवीन माणसानं एकट्यानं करायचं नाहीच.

८. पॅकिंग आणि टँकर

१५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा, दोन्ही बाहेरून सारखेच दिसतात, इथं घोळ होतो. एक लिटर तेल म्हणजे साधारण ९१० ग्रॅम, म्हणजे १५ लिटर भरले १३ किलो ६५० ग्रॅमच्या आसपास. लेबल कुठलं चालू आहे ते शिफ्ट सुरू होताना बघा, बॅच नंबर, तारीख, १४ आकडी फूड लायसन नंबर नीट छापलाय का ते पण. पहिला आणि शेवटचा डबा बाजूला.

डिसेंबर-जानेवारीत, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात, सकाळी पामोलीन डब्यात पांढरं, दाणेदार दिसतं. भेसळ नाही ती, थंडीनं जमतं, कोमट केलं की परत मोकळं. नवीन पोरं घाबरून अख्खी लाईन थांबवतात. शंका आली तर लॅबला विचारा, पण स्वतःच डबे बाजूला काढत बसू नका.

टँकर आला की सील नंबर चलनाशी जुळवा, आधी त्यात काय माल नेला होता तो कागद आणि धुतल्याचं सर्टिफिकेट बघा, झाकण उघडून वास घ्या. केमिकलचा वास आला की उतरवायचं नाही, ड्रायव्हर कितीही घाई करू दे. सॅम्पल लॅबला, ओके आल्यावरच पंप. आणि चुकीच्या टाकीला पाइप जोडणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक, टाकीचा नंबर मोठ्यानं वाचायचा, समोरच्यानं परत म्हणायचा. आमच्याकडं लोडिंगला कन्नड, तेलुगू, हिंदी सगळं चालतं, त्यामुळं नंबर बोटांनी पण दाखवतात, तेच बरं.

९. ऑडिट आलं की

चेनचा माणूस साहेबाला कमी आणि तुम्हालाच जास्त विचारतो. "हात कधी धुता?" "डबा गळका निघाला तर काय करता?" "या बॅचचं तेल कुठल्या टँकरचं?" पाठ केलेलं उत्तर नको, जे करता तेच सांगा. माहीत नसेल तर "सुपरवायझरला विचारतो" हे पूर्ण बरोबर उत्तर आहे. मराठीत बोललं तरी चालतं, कोणीतरी भाषांतर करतं. कधी कधी ते एका डब्याचा नंबर देऊन म्हणतात, याचा सगळा इतिहास काढा, आणि घड्याळ लावतात. तेव्हा तुमचं तीन महिन्यांपूर्वीचं लॉगशीट बाहेर येतं.

१०. पगाराची स्लिप आणि काम सोडताना

स्लिप दर महिन्याला घ्या, फोटो काढून ठेवा. पीएफ १२ टक्के तुमचे, तेवढेच कंपनीकडून. ईएसआय तुमचे पाऊण टक्का, महिना २१ हजारापर्यंत पगार असेल तर. ठेकेदार स्लिपवर कापलेलं दाखवतो आणि भरतच नाही असं पण होतं, म्हणून पीएफचं पासबुक उमंग ॲपवर दोन-तीन महिन्यांतून एकदा उघडून बघा. महाराष्ट्रात किमान वेतनाचा विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्या महिन्यांची स्लिप जुन्याशी लावून बघायची.

सोडताना भांडून, न सांगता गायब होऊ नका, तेलवाल्यांचं जग लहान आहे, एका प्लांटचा मॅनेजर दुसऱ्याला फोन करतोच. नोटीस द्या, अनुभवाचं पत्र घ्या, त्यात "हेल्पर" न लिहिता खात्याचं नाव लिहून मागा. पीएफ काढून मोटारसायकल घेऊ नका, नवीन ठिकाणी ट्रान्सफर करा. आणि पीएफच्या पोर्टलवर तुमची एक्झिट डेट (काम सोडल्याची तारीख) पडलीय का बघा, ठेकेदारानं नाही टाकली तर दोन महिन्यांनी तुम्हाला स्वतःला टाकता येते, आधारचा मोबाइल नंबर चालू पाहिजे तेवढा.